वजनाचा हिशेब, श्रद्धेचा बाजार

रमजान ईद झाली की लोणी काळभोरमध्ये आमच्या ओळखीच्या घरांतून वजनाचा विषय निघतोच. शीरखुर्मा, ईदच्या दावती आणि मागोमाग लग्नसराई. पॅन्ट कमरेत घट्ट झालेली असते. नेमक्या त्याच सुमारास मोबाइलवर मेसेज फिरू लागतात: सात दिवसांत पाच किलो उतरवा, पोट सपाट करा, सुन्नत उपायांनी लठ्ठपणा घालवा. कुणाची भाभी पावडर विकते, कुणाचा चुलतभाऊ हिजामाने चरबी निघते असे सांगतो, कुणी दुपारचे जेवण सोडून फक्त काकडी खातो. सांगणारे सगळे आपलेच असतात. म्हणून विश्वासही लगेच बसतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. या लेखात मी कुणाला डाएट प्लॅन देणार नाही. पण दावा आणि आकडा एकमेकांशी जुळतो का, हे पाहणे माझे रोजचे काम आहे. वजनाबद्दलचे बहुतेक दावे तपासायला शाळेतला गुणाकार-भागाकार पुरतो. माझे म्हणणे असे आहे की, वजनाबद्दलच्या गैरसमजांचा आपल्या समाजात आता धंदा झाला आहे. त्या धंद्याचे भांडवल म्हणून आपली श्रद्धा वापरली जाते आहे, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा घरातल्या बायका मोजतात.

बारीक म्हणजे निरोगी?

पहिला गैरसमज सर्वांत जुना आहे. जाड माणूस आजारी आणि सडपातळ माणूस ठणठणीत, असे आपण धरून चालतो. या समजाला सर्वांत मोठा धक्का पुण्यातूनच बसला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र काढलेला एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी सारखा होता: २२.३. वरवर पाहता दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याच्या दृष्टीने दोन्ही माणसे सारखीच होती. चरबी मात्र दुपटीहून जास्त होती.

याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांमध्ये गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन साधारण २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे होते ३.५ किलो. आपली बाळे जवळपास सर्व मापांत लहान होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. त्वचेखालची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. ‘बारीक पण चरबीदार’ भारतीय बाळ ही कल्पना या अभ्यासातून पुढे आली. ती बाळे आज तिशीच्या आसपास आहेत. म्हणजे ती माझ्याच पिढीची माणसे आहेत.

याचा अर्थ काय? आपल्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाभोवती, असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणूनच भारतीय डॉक्टर बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य देशांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे सांगितले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार दर १०० प्रौढांपैकी ११ हून अधिक जणांना मधुमेह आहे आणि सुमारे ४० जणांचे पोट सुटलेले आहे.

तेव्हा हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असा जो आपला ऑफिसातला भाऊ आहे, त्याला ‘तुला काय होतंय, तू तर बारीक आहेस’ असे म्हणणे चुकीचे आहे. त्याने आधी रक्तातली साखर तपासून घ्यावी. आणि भरल्या अंगाच्या बहिणीला जेवताना टोमणे मारणारेही चुकतात. तिचे आरोग्य तुमच्या नजरेला दिसत नाही. ते तपासणीत दिसते.

सात दिवस, पाच किलो

आता जाहिरातीचा हिशेब करू. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. पाच किलो चरबी म्हणजे ३८,५०० कॅलरी. सात दिवसांनी भागले तर रोजचा खड्डा ५,५०० कॅलरींचा झाला. ऑफिसात बसून काम करणारा माणूस दिवसाला दोन ते अडीच हजार कॅलरी खर्च करतो. म्हणजे आठवडाभर त्याने अन्नाचा एक कणही खाल्ला नाही तरी पाच किलो चरबी जाणार नाही. निम्मीही जाणार नाही.

मग काट्यावर पाच किलो कमी कसे दिसतात? त्यात बरेचसे पाणी असते. आपले यकृत आणि स्नायू साखरेचा साठा करून ठेवतात आणि त्या साठ्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. चार दिवस भात-पोळी बंद केली, मीठ कमी केले की साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जाते. पुन्हा नेहमीचे जेवण सुरू झाले की ते पाणी परत येते. विकणाऱ्याने पहिल्या आठवड्याचा फोटो दाखवून पैसे घेतलेले असतात. तिसऱ्या महिन्याचा फोटो कुणी मागत नाही.

घाम काढणाऱ्या पट्ट्याचेही तेच. घाम म्हणजे पाणी. दोन ग्लास पाणी प्याले की हिशेब जिथल्या तिथे. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी जाते, हाही असाच समज. १९७१ मध्ये टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजून पाहिले गेले. ज्या हाताने ते वर्षानुवर्षे खेळत होते, त्या हाताचे स्नायू मोठे होते, पण त्वचेखालची चरबी दोन्ही हातांत सारखीच होती. चरबी शरीर आपल्या हिशेबाने काढते. आपण बोट दाखवू तिथून ती जात नाही.

आपल्याकडे खास चालणारा प्रकार म्हणजे सना मक्की, मराठीत जिला सोनामुखी म्हणतात. ती जुलाबाची वनस्पती आहे. बद्धकोष्ठतेवर थोडे दिवस तिचा उपयोग होतो, यात शंका नाही. पण अन्नातल्या कॅलरी लहान आतड्यात शोषल्या जातात आणि सोनामुखीचा परिणाम होतो तो मोठ्या आतड्यात, म्हणजे शोषण होऊन गेल्यानंतर. काट्यावर जे कमी दिसते ते मळ आणि पाणी. महिनोन्महिने घेतली तर शरीरातले पोटॅशियमसारखे क्षार कमी होतात आणि ते हृदयाला जाचक ठरते. ‘नैसर्गिक आहे, नुकसान नाही’ हे वाक्य ऐकले की मला धोत्रा आठवतो. तोही नैसर्गिकच आहे.

भात, भाकरी, मटण

आता खाण्याकडे वळू. मटण-बिर्याणी खाऊन मुसलमान जाड होतात, हा टोमणा आपण ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कधी ना कधी ऐकलेला असतो. आणि घरी आल्यावर आपणही मटणालाच दोष देतो. प्रत्यक्षात कातडी काढलेल्या, शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये साधारण १६५ कॅलरी आणि ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. पोट भरलेले ठेवायला याच्याइतके चांगले अन्न कमीच. बिर्याणीत कॅलरी वाढतात त्या तेल-तुपाने, तळलेल्या कांद्याने आणि डोंगरासारख्या भाताने. मांसाचा तुकडा बिचारा एकटाच बदनाम होतो.

भाताचीही गोष्ट तशीच. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण १३० कॅलरी. कोकणातल्या आपल्या माणसांचे जेवण पिढ्यान्‌पिढ्या भात आणि मासळी आहे. दोष भाताच्या जातीपेक्षा ताटातल्या ढिगाचा आहे. ज्वारीची भाकरी चांगलीच, तिच्यात तंतू जास्त असतात. पण ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातल्या कॅलरी जवळपास सारख्याच आहेत. पोळी सोडून तीन भाकऱ्या आणि वर लोण्याचा गोळा खाल्ला तर वजन उतरण्याचे काहीच कारण नाही.

साखर सोडून गूळ आणि मध खाणाऱ्यांसाठी आकडे सांगतो. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, गुळात ३८० च्या आसपास, मधात ३०० च्या आसपास. गुळात थोडे क्षार असतात, मधात पाणी असते, बाकी गोडवा तो गोडवाच. सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू प्यायल्याने चरबी वितळत नाही. तूप कोमट पाण्यात वितळते, शरीरातली चरबी नाही. कलौंजीच्या तेलाबद्दलही एवढेच लक्षात ठेवावे की ते तेल आहे आणि कुठल्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात.

खरा चोर शोधायचा असेल तर तेलाचा डबा पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला २,००० कॅलरींच्या नमुना ताटात तेल-तूप मिळून माणशी २७ ग्रॅम धरले आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला हे साधारण साडेतीन लिटर होते. तुमच्या घरी पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल जाते आहे. वर तूप आणि हॉटेल वेगळे. जास्तीचे ते ११ ग्रॅम म्हणजे रोजच्या सुमारे १०० कॅलरी. कुणाच्या लक्षातही येत नाही, पण वर्षभराने काट्यावर दिसू शकतात.

दुसरा चोर चहात बसलेला असतो. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात पाच-पाच ग्रॅमचे दोन चमचे. झाली ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना २,००० कॅलरींच्या आहारात शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्यात बिस्किटे, शरबत, कोल्ड्रिंक अजून मोजलेच नाही.

दोन वेळा की दर दोन तासांनी?

महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास डाएटवरून घराघरांत दोन पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवा. ही कल्पना मूळची डॉ. श्रीकांत जिचकार यांची. दुसरीकडे ऋजुता दिवेकर थोडे थोडे, ठरावीक अंतराने, घरचे आणि आपल्या भागातले खा असे सांगत होत्या. लग्नाच्या पंगतीत लोक यावरून भांडत होते.

या भांडणात एक प्रश्न मागे पडला: दिवसभरात एकूण किती खाल्ले? २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लठ्ठ असलेल्या १३९ जणांचे दोन गट केले. दोघांनाही सारख्याच मर्यादित कॅलरी दिल्या. एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात खायचे होते, दुसऱ्याला वेळेचे बंधन नव्हते. वर्षभराने पहिल्या गटाचे वजन सरासरी ८ किलोने आणि दुसऱ्याचे ६.३ किलोने कमी झाले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठोस मानण्याइतका नव्हता. दोन्ही गट उतरले, कारण दोन्ही कमी खात होते.

म्हणजे दोन वेळा जेवून ज्याला आपोआप कमी खाणे जमते, त्याने दोन वेळा जेवावे. ज्याला उपाशी राहिल्यावर रात्री फ्रीज रिकामा करण्याची सवय आहे, त्याने चार वेळा थोडे खावे. ज्या पद्धतीवर तुम्ही दोन वर्षे टिकाल, ती तुमची पद्धत. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. साखर अचानक खाली गेली तर माणूस चालत्या गाडीवरून पडू शकतो.

रोजा, तरावीह आणि वजन

महिनाभर रोजे धरूनही वजन कसे वाढते, असे दरवर्षी कुणीतरी विचारते. अभ्यास सांगतात की, रमजानमध्ये सरासरी एक-दीड किलो वजन उतरते आणि ईदनंतर काही आठवड्यांत बरेचसे परत येते. पण ही सरासरी आहे. इफ्तारला एक समोसा म्हणजे साधारण २५० कॅलरी. दोन समोसे, मूठभर भजी, दोन ग्लास शरबत आणि त्यानंतर पूर्ण जेवण असा रोजचा रिवाज असेल तर सरासरीचा फायदा आपल्याला मिळणार नाही. खजुराने रोजा सोडणे ही सुन्नत आहे आणि खजुरात तंतूही आहेत. पण वाळलेल्या खजुराचा दोन तृतीयांश भाग साखरच असतो. दोन-तीन पुरतात.

तरावीह आणि पाच वेळची नमाज हाच संपूर्ण व्यायाम आहे, असेही सांगितले जाते. नमाजमध्ये हालचाल होते, सांधे मोकळे राहतात, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला पाच वेळा उठावे लागते. हे सगळे चांगलेच आहे. पण ती इबादत आहे. तिला जिमच्या मापाने मोजल्याने तिचा मान वाढत नाही. रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालणे आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर लावणारा व्यायाम, याची जागा नमाज घेत नाही. आणि नमाजने ती घ्यावी, अशी कुणी अपेक्षाही केलेली नाही.

चालण्याबद्दलही भ्रम नको. पाच किलोमीटर चालल्यावर मध्यम वजनाच्या माणसाच्या २५० ते ३०० कॅलरी खर्च होतात. म्हणजे एक समोसा. फक्त चालून वजन उतरवणे कठीण आहे. उतरलेले वजन टिकवायला, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवायला मात्र चालण्याला पर्याय नाही.

पोटाच्या तीन भागांची हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी मौलवीसाहेबांकडून ऐकली आहे. वजनाच्या विषयात धर्माने काय शिकवले असे कुणी विचारले, तर मी तिच्याकडे बोट दाखवीन. ती कमी खायला सांगते. तिच्यात कुठलीही बाटली विकत घ्यायला सांगितलेली नाही.

डबीवर काय लिहिले आहे ते वाचा

माझ्या नात्यातल्या एका खालांना मधुमेह आहे. ओळखीतल्या एका बाईंनी त्यांना वजन उतरवणारी पावडर दिली आणि ‘इससे शुगर जड़ से जाती, गोली की जरूरत नै’ असे सांगितले. खालांनी गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी चक्कर येऊन त्यांना रुग्णालयात न्यावे लागले तेव्हा साखर चारशेच्या वर होती. त्या बचावल्या. विकणाऱ्या बाईंवर मी रागावू शकलो नाही. त्यांनी स्वतः कर्ज काढून माल घेतला होता, खाली आणखी चार जणी जोडल्या तर पैसे सुटतील असे त्यांना सांगण्यात आले होते. स्वतःच्या आईलाही त्या तीच पावडर देत होत्या.

या प्रकारात कायदा आपल्या बाजूने आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. औषधे आणि जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. त्याच्या परिशिष्टातल्या आजारांवर औषधाने उपचार करण्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. त्या यादीत मधुमेह आहे आणि लठ्ठपणाही आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जादूई उपायांच्या व्याख्येत ताईत आणि मंत्रही येतात. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

ज्या पावडरी अन्नपूरक म्हणून विकल्या जातात, त्यांच्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. विकणारा तोंडाने औषध म्हणतो आणि त्याचीच डबी नाही म्हणते. डबीवर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक नसेल तर ती हातातही घेऊ नये. आणि क्रमांक आहे म्हणजे पावडरीने वजन उतरते, असेही सिद्ध होत नाही.

सर्वांत मोठा धोका न छापलेल्या गोष्टींचा आहे. सिब्युट्रामिन नावाचे भूक मारणारे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवते, म्हणून युरोप-अमेरिकेत २०१० मध्ये मागे घेण्यात आले आणि भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. तरीही जगभरातल्या तपासण्यांत ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये ते लपवून घातलेले सापडत आले आहे. एखाद्या जडीबुटीने चार दिवसांत भूक गायब झाली आणि छाती धडधडायला लागली तर तो चमत्कार समजू नका. डबी घेऊन डॉक्टरकडे जा.

वजन उतरवणारी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली आणि त्यांच्याबद्दलही अफवा सुरू झाल्या. त्यांचा परिणाम प्रयोगांतून सिद्ध झाला आहे, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे आहेत. ती कुणाला द्यायची, कुणाला नाही आणि कधी थांबवायची, हे डॉक्टर ठरवतात. कुणाच्या बॅगेतून घरपोच मिळणारे इंजेक्शन घेऊ नये.

आणि मधुमेह कधीच मागे हटत नाही, असेही नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या प्रयोगात, सहा वर्षांच्या आत मधुमेहाचे निदान झालेल्या लठ्ठ रुग्णांपैकी ४६ टक्के जण वर्षभराने औषधांशिवाय साखर काबूत ठेवू शकले. त्यांनी काही महिने अगदी कमी कॅलरींचा आहार घेतला होता आणि भरपूर वजन उतरवले होते. त्यांच्या गोळ्या मात्र प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली थांबवल्या गेल्या होत्या. खालांच्या आणि त्यांच्या कहाणीत फरक आहे तो एवढाच, आणि तो जिवाचा फरक आहे.

बायकांनी चालायचे कुठे?

‘लडकी अच्छी है, बस थोडी हेल्दी है.’ स्थळ पाहायला आलेल्या पाहुण्यांचे हे वाक्य ज्या घरात पडते, त्या घरातली मुलगी दुसऱ्या दिवसापासून एक वेळ उपाशी राहते. लग्नाआधी तीन महिने उपास, लग्नानंतर मूल, मग चाळीस दिवस तूप-डिंकाचे लाडू आणि वर्षभराने पुन्हा तोच टोमणा. या चक्रात पावडर विकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

याच मुलीला आपण चालायला कुठे पाठवतो? आमच्याकडे पुणे-सोलापूर महामार्ग गावाच्या अंगावरून जातो. त्याच्या कडेने संध्याकाळी चालणे म्हणजे टँकर आणि ट्रकच्या धुळीत जीव मुठीत धरून चालणे. पुरुष कुठेही चालतात, मैदानात खेळतात, जिमला जातात. बुरखा घातलेली बाई एकटी जलद चालू लागली की चार माना वळतात. ‘आपल्या बाया आळशी’ म्हणणाऱ्याने आधी त्यांना चालायला जागा दिली का, हे सांगावे. इथे प्रश्न डाएटचा राहत नाही, नागरी हक्काचा होतो. दिवे असलेला पदपथ, बाग, बायकांसाठी राखीव वेळ असलेले मैदान, हे ग्रामपंचायतीकडे आणि महापालिकेकडे मागायचे विषय आहेत. रस्त्याच्या आणि पाण्याच्या अर्जासोबत हाही अर्ज जायला हवा.

आपण काय करू शकतो

मोठी योजना नको. चार गोष्टी सुचवतो.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. आशाताई घरी येऊन त्याचा फॉर्मही भरतात. महिन्यातून एका जुम्म्याला मशिदीच्या आवारात ही तपासणी ठेवता येईल आणि त्याच दिवशी मोहल्ल्यातल्या एखाद्या घरी बायकांसाठी. एक मोजपट्टी, एक रक्तदाबाचे यंत्र आणि आरोग्य केंद्राशी आधी केलेले बोलणे एवढेच लागते.

रमजानच्या महिना-दीड महिना आधी मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. इमामसाहेबांनी मिंबरवरून दोन वाक्ये सांगितली तर दहा मेसेजचे काम होईल.

दावतीत, वलीम्यात बिर्याणी राहू द्या. तिच्यासोबत कांदा-काकडीचे मोठे ताट, दही आणि साधे पाणी ठेवा. कोल्ड्रिंकच्या पेट्यांचे पैसे वाचतील. ‘और लेव, और लेव’ म्हणून कुणाच्या ताटात जबरदस्तीने वाढणे, ही मेहमाननवाजी आता आवरायला हवी.

आणि कुणी काही विकायला आले तर तीन प्रश्न विचारायचे. यात काय आहे? माझी चालू असलेली गोळी बंद करायला सांगता का? सहा महिन्यांनंतरचे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर तिथेच सलाम करून उठायचे. समोरची व्यक्ती कितीही जवळची असली, तिची दाढी कितीही लांब असली आणि तिच्या डबीवर कितीही पवित्र नाव छापलेले असले, तरीही.